दूध साडेसात लिटर, बिल शून्य: जावातल्या कन्स्ट्रक्टरचं एक प्रकरण

पावतीवर छापून येतं ते असं: सभासद ०, लिटर ०.०, फॅट ०.०, रक्कम ०.०. प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतो, मध्येच बंद पडत नाही. दूध साडेसात लिटर घातलेलं, फॅट ६.५ लागलेली, आणि पावतीवर नुसती शून्यं.

हे प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेलं आहे. त्यातल्या चुका मात्र ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग नुकतंच सुरू केलेल्यांच्या वहीत नेहमी दिसणाऱ्या आहेत, आणि कंपायलरची उत्तरं जशी येतात तशीच इथे दिली आहेत. कोणीही घरी चालवून ताडून पाहावं.

सराव असा: दूध संकलन केंद्रावर म्हशीचं दूध घेतात. सभासद क्रमांक, लिटर आणि फॅट या तीन गोष्टी मिळतात, आणि फॅटच्या प्रत्येक पॉइंटला ठरलेला दर धरून लिटरचा भाव काढायचा. सरावापुरता हा दर ८ रुपये धरला आहे. खऱ्या दरपत्रकात एसएनएफचाही (दुधातल्या फॅट सोडून उरलेल्या घन घटकांचाही) हिशेब असतो. ६.५ फॅटला लिटरमागे ५२ रुपये, म्हणून साडेसात लिटरचे ३९० रुपये. हा आकडा प्रोग्रॅम चालवण्याआधीच कागदावर काढून ठेवायचा. अपेक्षित उत्तर हाताशी नसेल तर छापून आलेलं कुठलंही उत्तर खरंच वाटतं.

क्लास, फील्ड, मेथड यांना जावात देवनागरी नावं चालतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवायची. जेडीके (कंपायलरसह येणारा जावाचा साधनसंच) १८ पासून कंपायलर तेच एन्कोडिंग गृहीत धरतो, त्याआधीच्या आवृत्त्यांत विंडोजवर ते सांगावं लागतं. राखीव शब्द आणि आकडे मात्र रोमनमध्येच टाइप करावे लागतात. खालच्या कोडमध्ये ते वाचण्याच्या सोयीसाठी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. हा सराव सोडवणाऱ्या एका विद्यार्थिनीचा कोड असा होता:

क्लास दूधनोंद {
    इंट सभासद;
    डबल लिटर;
    डबल फॅट;

    व्हॉइड दुधनोंद(इंट सभासद, डबल लिटर, डबल फॅट) {
        सभासद = सभासद;
        लिटर = लिटर;
        फॅट = फॅट;
    }
}

आणि मेनमध्ये:

    दूधनोंद न = न्यू दूधनोंद();

एवढ्या छोट्या तुकड्यात तीन चुका आहेत. त्या एकीवर एक बसल्या आहेत, म्हणून वरची काढली तरी शून्य जात नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपली दुरुस्तीच चुकली.

व्हॉइड तिथे आलं कुठून

कोणी उगाच व्हॉइड (‘काहीच परत देत नाही’ असा रिटर्न टाइप) लिहीत नाही. कन्स्ट्रक्टर म्हणजे न्यू म्हटल्यावर ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा, क्लासच्याच नावाचा भाग. क्लासच्या नावात ‘दू’ दीर्घ आहे, कन्स्ट्रक्टरच्या नावात ‘दु’ ऱ्हस्व. पहिल्या मसुद्यात व्हॉइड नव्हतंच. पण क्लासच्या नावाशी तंतोतंत जुळत नाही ते कन्स्ट्रक्टर नव्हे, ती मेथड. आणि मेथडला रिटर्न टाइप लागतो. म्हणून कंपायलरने सांगितलं: ‘इनव्हॅलिड मेथड डिक्लरेशन, रिटर्न टाइप रिक्वायर्ड’. विद्यार्थिनीने शेवटचे दोन शब्द वाचले आणि रिटर्न टाइप देऊन टाकला. एरर गेली. महत्त्वाचे होते ते पहिले शब्द. कन्स्ट्रक्टर लिहायला बसलेल्या माणसाशी कंपायलर ‘मेथड’ या शब्दात बोलत असेल, तर त्याने ते कन्स्ट्रक्टर म्हणून ओळखलेलंच नाही. इथे रिटर्न टाइप जोडायचा नसतो, नाव अक्षर अक्षर ताडून पाहायचं असतं.

देवनागरी नावांत हा धोका ऱ्हस्व-दीर्घापुरता नाही. ‘ॲ’ हे अक्षर एकाच युनिकोड चिन्हाने लिहिता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण जावा नावं चिन्हागणिक ताडतो, त्यामुळे त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. नाव दुसऱ्यांदा टाइप न करता कॉपी करून चिकटवलं की हा प्रश्न उद्भवत नाही.

व्हॉइड दिल्यावर दुसरी एरर आली. तेव्हा मेनमध्ये न्यू दूधनोंद(११४, ७.५, ६.५) असं लिहिलेलं होतं. कंपायलर म्हणाला: ‘कन्स्ट्रक्टर दूधनोंद इन क्लास दूधनोंद कॅनॉट बी अप्लाइड टू गिव्हन टाइप्स’. खाली दोन ओळी: ‘रिक्वायर्ड: नो आर्ग्युमेंट्स’ आणि ‘फाउंड: इंट, डबल, डबल’.

या दोन ओळी म्हणजे निदानाची किल्ली. कंपायलर सांगतो आहे की या क्लासमध्ये एकच कन्स्ट्रक्टर आहे आणि तो काहीच घेत नाही. पण विद्यार्थिनीने तर तीन पॅरामीटरचा लिहिला आहे. मग हा रिकामा आला कुठून? क्लासमध्ये एकही कन्स्ट्रक्टर नसेल तर कंपायलर स्वतःहून एक रिकामा पुरवतो, त्याला डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर म्हणतात. तो पुरवला गेला, याचाच अर्थ लिहिलेला मोजला गेला नाही.

तिने केलं ते उलट. ‘नो आर्ग्युमेंट्स’ हवेत म्हणतोय ना, मग कंसातले आकडे काढून टाकले. कंपायलर खूश, प्रोग्रॅम चालू, पावतीवर शून्यं. बोलणारी एरर अशी गप्प केली गेली, आणि इथून पुढे शोध अवघड झाला.

क्लासच्या पोटात काय आहे ते पाहणं

अशा वेळी डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा जेडीकेसोबत येणारं जावापी हे साधन वापरावं. कंपाइल झालेल्या क्लासवर ते ‘पी’ पर्यायासह चालवलं की आतले सगळे सदस्य, प्रायव्हेट धरून, छापून येतात. या क्लाससाठी फील्डांखाली दोन ओळी येतात:

    दूधनोंद();
    व्हॉइड दुधनोंद(इंट, डबल, डबल);

पहिली ओळ कोणीही लिहिली नव्हती, ती कंपायलरची. दुसरीच्या आधी व्हॉइड आहे, म्हणजे ती मेथड, आणि तिला कोणीच बोलावत नाही. तर्क लढवायला जागाच उरत नाही. नवशिक्याने हे साधन पहिल्या महिन्यातच हाताळावं असं आम्हाला मनापासून वाटतं. कंपायलर न सांगता काय काय भरतो हे त्यात उघड दिसतं, आणि कन्स्ट्रक्टरच्या बहुतेक अडचणी त्या न सांगता भरलेल्या गोष्टींतूनच येतात.

एक्लिप्ससारख्या संपादकात काम करत असाल तर क्लासच्याच नावाची मेथड लिहिल्यावर ‘धिस मेथड हॅज अ कन्स्ट्रक्टर नेम’ अशी पिवळी सूचना मिळते. इथे ती मिळाली नसती, कारण ‘दु’मुळे नावच वेगळं होतं.

दुरुस्ती: ‘दु’चा ‘दू’ केला, व्हॉइड काढलं. लगेच मेनमधली न्यू दूधनोंद() ही ओळ लाल झाली: ‘रिक्वायर्ड: इंट, डबल, डबल’, ‘फाउंड: नो आर्ग्युमेंट्स’. आधीच्या एररचं हे बरोबर उलट रूप, आणि ते शुभ लक्षण आहे. स्वतःचा एकही कन्स्ट्रक्टर लिहिला की रिकामा कन्स्ट्रक्टर कंपायलर पुरवत नाही. आता तो पुरवलेला नाही, म्हणजे लिहिलेला ओळखला गेला. आकडे परत घातले, चालवलं.

सभासद ०, लिटर ०.०, फॅट ०.०.

लिटर बरोबर लिटर

इथे बरेच जण गोंधळून आधीची दुरुस्ती मागे घेतात. ती घेऊ नये. आधीचा प्रश्न होता, कोणता कन्स्ट्रक्टर चालला. आताचा वेगळा आहे: व्हॅल्यू कुठल्या व्हेरिएबलमध्ये गेली.

कन्स्ट्रक्टरच्या आत ‘लिटर’ म्हटलं की जावा सर्वांत जवळचा लिटर घेतो, आणि जवळचा आहे तो पॅरामीटर. ‘लिटर = लिटर’ या ओळीत दोन्ही बाजूंना तोच. पॅरामीटरमधली ७.५ पॅरामीटरमध्येच ठेवली गेली. फील्डला हातही लागला नाही, म्हणून ते ऑब्जेक्ट तयार होताना होतं तसं ०.० राहिलं. जावात प्रत्येक फील्ड आधी शून्यवत केलेलंच असतं: संख्येला शून्य, बूलियनला फॉल्स, स्ट्रिंग आणि इतर ऑब्जेक्टना नल. पावतीवरच्या या शून्यांचा अर्थ म्हणून एकच: इथवर कोणी काही लिहिलेलं नाही.

जावापी ‘सी’ पर्यायासह चालवलं तर बाइटकोडमध्येही (कंपायलरने तयार केलेल्या सूचनांमध्येही) हेच दिसतं. आयलोड १, आयस्टोअर १. डीलोड २, डीस्टोअर २. डीलोड ४, डीस्टोअर ४. उचललं तिथेच ठेवलं. फील्डमध्ये लिहिणारी सूचना म्हणजे पुटफील्ड, ती पूर्ण कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाही नाही. (२ नंतर एकदम ४ येतो, कारण डबल दोन घरं व्यापतो.)

दुरुस्ती सर्वांना माहीत असते: धिस.लिटर = लिटर. पण ‘आठवणीने धिस लिहा’ एवढ्यावर थांबू नये, कारण विसरलं की पुन्हा शांततेत शून्यच येणार. फील्ड फायनल, म्हणजे एकदाच व्हॅल्यू देता येईल असं, करावं. फायनल डबल लिटर असं असताना ‘लिटर = लिटर’ लिहिलं तर कन्स्ट्रक्टरच्या शेवटच्या महिरपी कंसावर कंपायलर बोट ठेवतो: ‘व्हेरिएबल लिटर माइट नॉट हॅव बीन इनिशियलाइज्ड’. पहिल्या चुकीतही फायनलचा उपयोग झाला असता. न्यूचे कंस रिकामे केले तरी ‘व्हेरिएबल लिटर नॉट इनिशियलाइज्ड इन द डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर’ असं, डिफॉल्ट कन्स्ट्रक्टरचं नाव घेऊनच, सांगितलं गेलं असतं. दूधनोंद एकदा झाली की तिचे आकडे बदलायचे नसतात, त्यामुळे फायनल इथे अर्थालाही धरून आहे.

याच घराण्यातली आणखी एक चूक: फील्ड ‘डबल[] वजनं’ असं आहे, आणि कन्स्ट्रक्टरमध्ये ‘डबल[] वजनं = न्यू डबल[१०]’ असं लिहिलं जातं. पुन्हा टाइप लिहिल्यामुळे ते नवं लोकल व्हेरिएबल झालं. कन्स्ट्रक्टर संपला की तेही संपलं. फील्ड नलच, आणि पुढे पहिल्या वापराला नलपॉइंटरएक्सेप्शन. अपवाद उठतो भलत्याच ओळीवर, दोष असतो कन्स्ट्रक्टरमध्ये.

धिस घातल्यावर पावतीवर सभासद ११४, लिटर ७.५, फॅट ६.५ आलं.

मध्ये एक छोटं वळण आलं ते थोडक्यात. मेन याच क्लासमध्ये होतं, आणि तिथून थेट ‘सभासद’ छापायला गेल्यावर ‘नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल सभासद कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट’ ही एरर आली. तिने सभासद स्टॅटिक केला. एक नोंद बरोबर छापली. दुसरी, सभासद २०७ ची, घातल्यावर यादीत दोन्ही नोंदी २०७ च्या दिसू लागल्या. लिटर मात्र ज्याचे त्याला बरोबर. असं चित्र दिसलं की कन्स्ट्रक्टरवर संशय घेऊ नये. स्टॅटिक फील्ड ऑब्जेक्टचं नसतं, क्लासचं असतं, म्हणजे सगळ्या नोंदींत मिळून एकच. शेवटच्याने लिहिलेलं तेवढं उरतं. मेनमध्ये न.सभासद म्हणायचं होतं, एवढंच. इथेही फील्ड फायनल असतं तर स्टॅटिक जोडताक्षणी कन्स्ट्रक्टरमधली ओळ अडली असती.

गाय वेगळी, म्हैस वेगळी

पुढची पायरी रकमेची. गाईच्या दुधाला हिशेब वेगळा, म्हणून दूधनोंद हा पेरेंट क्लास ॲबस्ट्रॅक्ट केला, त्यात ‘दरकाढ’ ही ॲबस्ट्रॅक्ट मेथड (नुसतं नाव, आतला हिशेब चाइल्डने लिहायचा) ठेवली, आणि म्हैसनोंद हा चाइल्ड क्लास लिहिला:

क्लास म्हैसनोंद एक्स्टेंड्स दूधनोंद {
    डबल फॅटदर = ८.०;

    म्हैसनोंद(इंट सभासद, डबल लिटर, डबल फॅट) {
    }

    डबल दरकाढ() {
        रिटर्न फॅट * फॅटदर;
    }
}

एरर आली चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरच्या उघडत्या कंसावर, आणि तक्रार होती पेरेंटच्या कन्स्ट्रक्टरची: ‘कन्स्ट्रक्टर दूधनोंद… कॅनॉट बी अप्लाइड’, हवेत तीन, मिळाले शून्य. त्या ओळीवर तर दूधनोंदचं नावही नाही! पण चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सुपर लिहिलं नाही तर कंपायलर सुरुवातीला सुपर() भरतो, रिकाम्या कंसाचा. आणि पेरेंटचा रिकामा कन्स्ट्रक्टर आता अस्तित्वात नाही. कन्स्ट्रक्टर वारशाने मिळत नाहीत. पेरेंटकडे तीन पॅरामीटरचा आहे म्हणून चाइल्डलाही आपोआप मिळेल, असं होत नाही.

या एररवर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे पेरेंटमध्ये एक रिकामा कन्स्ट्रक्टर घालून टाकणं. तो करू नका. एरर जाते, आणि पावतीवर तीनही शून्यं परत येतात, कारण चाइल्डला मिळालेले आकडे पेरेंटपर्यंत पोचतच नाहीत. न्यूचे कंस रिकामे करण्याचीच ही दुसरी आवृत्ती. फील्ड फायनल असतील तर हा आडमार्ग आपोआप बंद होतो. खरी दुरुस्ती एका ओळीची: चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सुपर(सभासद, लिटर, फॅट).

रक्कम ०.० का

यानंतरची चूक सर्वांत फसवी, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. पेरेंटमध्ये ‘डबल रक्कम’ हे फील्ड घेतलं आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरच्या शेवटी लिहिलं:

    धिस.रक्कम = लिटर * दरकाढ();

पावती: सभासद ११४, लिटर ७.५, फॅट ६.५, फॅटदर ८.०, रक्कम ०.०. आता पावतीवरचा प्रत्येक घटक बरोबर आहे आणि गुणाकार तेवढा चुकला आहे. मेनमधून न.दरकाढ() वेगळं छापलं तर ५२.० येतं. म्हणजे मेथडही बरोबर.

इथे प्रश्न ‘कुठे गेली’ हा नाही, ‘कधी गेली’ हा आहे. न्यू म्हैसनोंद म्हटल्यावर घडतं ते या क्रमाने. सगळ्या फील्डांसाठी, पेरेंटच्या आणि चाइल्डच्याही, जागा घेतली जाते आणि ती शून्यवत होते. चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये शिरून तिथून सुपरमार्फत पेरेंटच्या कन्स्ट्रक्टरमध्ये जाणं होतं. पेरेंटची सुरुवातीची व्हॅल्यू दिलेली फील्डं भरली जातात, मग त्याच्या कन्स्ट्रक्टरचं अंग चालतं. ते पूर्ण झाल्यावरच चाइल्डच्या ‘फॅटदर = ८.०’ची पाळी येते, आणि सर्वांत शेवटी चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरचा उरलेला भाग.

पेरेंटने दरकाढ बोलावली तेव्हा ती चाइल्डचीच चालली, ते नियमाप्रमाणे बरोबरच. पण त्या क्षणी चाइल्डचं फॅटदर अजून ०.० होतं. ६.५ गुणिले ०, ती रक्कम साठवली गेली. पुढे फॅटदर ८.० झालं तरी रकमेला त्याचं काही नाही. ती एकदाच काढून ठेवलेली.

तिन्ही ठिकाणी छापणारी एकेक ओळ घातली की पडद्यावर असं येतं:

    दूधनोंद कन्स्ट्रक्टर: लिटर=७.५ फॅट=६.५
    दरकाढ: फॅटदर=०.०
    म्हैसनोंद कन्स्ट्रक्टर: फॅटदर=८.०

मधली ओळ शेवटच्या ओळीच्या आधी आली आहे. सगळा दोष तिथे आहे. डीबगरमध्ये दरकाढवर ब्रेकपॉइंट ठेवला तर कॉल स्टॅकमध्ये हेच दिसतं: खाली मेन, त्यावर म्हैसनोंदचा कन्स्ट्रक्टर, त्यावर दूधनोंदचा, आणि सर्वांत वर दरकाढ.

आता एक सापळा. कोणी ‘फॅटदर’ला फायनल जोडून पाहिलं तर रक्कम अचानक ३९०.० येते! दोष गेला असं वाटतं. गेलेला नाही. फायनल आणि समोर थेट ८.० हा स्थिरांक, म्हणून कंपायलर जिथे जिथे फॅटदर हे नाव आहे तिथे ८.० हाच आकडा बसवतो. फील्ड वाचलंच जात नाही, तेव्हा ते रिकामं असण्याचा प्रश्न येत नाही. उद्या दर बदलता यावा म्हणून फॅटदर कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमधून घेतलं की रक्कम पुन्हा ०.०. फायनलची एवढी शिफारस केल्यावर हे सांगणं भाग आहे: फायनल पहिल्या दोन चुका पकडतो, ही तिसरी झाकू शकतो.

फॅटदर आकडा होता म्हणून शून्य मिळालं. त्या जागी दरपत्रकाची यादी असती तर ती नल निघून नलपॉइंटरएक्सेप्शन आला असता, आणि ते बरं झालं असतं. जावा १५ पासून कुठलं व्हेरिएबल नल होतं हेही त्या संदेशात, वेगळा पर्याय न देता, येतं.

उपाय म्हणजे पेरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून चाइल्डने बदलता येणारी मेथड बोलावायचीच नाही. रक्कम हे फील्ड काढून टाकायचं आणि तिची मेथड करायची, म्हणजे विचारेल तेव्हा हिशेब होईल. जेडीके २१ पासून कंपायलरला एक्सलिंटचा (जादा सूचना मागण्याच्या सोयीचा) ‘धिस-एस्केप’ हा पर्याय देता येतो. तो अशा जागा दाखवतो, पण क्लास पब्लिक नसेल तर सूचना येईलच असं नाही. जावा २५ मध्ये सुपरच्या आधीही काही ओळी लिहायची मुभा कायमची मिळाली आहे, त्यामुळे चाइल्ड आपलं फॅटदर आधी भरून मग सुपर म्हणू शकतो. जुन्या जेडीकेवर मात्र ‘सुपर पहिली ओळच हवी’ अशी एरर येईल. आणि मेथडचा उपाय दोन्हीकडे चालत असताना नव्या सोयीची इथे गरजही नाही.

रक्कम बरोबर, नोंद चुकीची

दुरुस्त कोड चालवल्यावर ३९०.० आले. काम झालं असं समजण्याआधी एक पाहायला हवं. मेनमध्ये चुकून न्यू म्हैसनोंद(११४, ६.५, ७.५) असं लिहिलं गेलं तर? दोन्ही डबल, कंपायलरला हरकत नाही. साडेसहा लिटर, साडेसात फॅट. रक्कम: ३९०.० रुपये. गुणाकारात क्रम बदलल्याने काही बदलत नाही! सभासदाला पैसे बरोबर मिळतात, पण संध्याकाळी टाकीतलं दूध आणि नोंदीतले लिटर जुळत नाहीत, आणि कन्स्ट्रक्टर कोणाच्या ध्यानीमनीही नसतो.

कन्स्ट्रक्टरमध्ये तपासणी जरूर असावी: लिटर शून्य किंवा उणे असेल तर इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन फेकायचं, म्हणजे सदोष नोंद कोणाच्या हाती पडतच नाही. पण म्हशीच्या दुधाला ७.५ फॅट लागूच शकते, त्यामुळे ही अदलाबदल तपासणीत सापडत नाही. ती सापडते चाचणीचे आकडे निवडताना. ७.५ आणि ६.५ ही चाचणीसाठी वाईट जोडी. दोन्ही एकमेकांच्या जागी शोभतात. २०.० लिटर आणि ६.५ फॅट घ्या, रक्कम १,०४० रुपये, आणि रकमेबरोबर प्रत्येक फील्ड वेगवेगळं छापा. फॅट २०.० दिसली की डोळा अडतोच.

शेवटी उभा राहिलेला कोड:

ॲबस्ट्रॅक्ट क्लास दूधनोंद {
    फायनल इंट सभासद;
    फायनल डबल लिटर;
    फायनल डबल फॅट;

    दूधनोंद(इंट सभासद, डबल लिटर, डबल फॅट) {
        इफ (लिटर <= ०)
            थ्रो न्यू इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन("लिटर: " + लिटर);
        धिस.सभासद = सभासद;
        धिस.लिटर = लिटर;
        धिस.फॅट = फॅट;
    }

    ॲबस्ट्रॅक्ट डबल दरकाढ();

    डबल रक्कम() {
        रिटर्न लिटर * दरकाढ();
    }
}

क्लास म्हैसनोंद एक्स्टेंड्स दूधनोंद {
    फायनल डबल फॅटदर;

    म्हैसनोंद(इंट सभासद, डबल लिटर, डबल फॅट, डबल फॅटदर) {
        सुपर(सभासद, लिटर, फॅट);
        धिस.फॅटदर = फॅटदर;
    }

    डबल दरकाढ() {
        रिटर्न फॅट * फॅटदर;
    }
}

खऱ्या हिशेबात पैशांसाठी डबल वापरत नाहीत, पैसे पूर्णांकात ठेवतात किंवा बिगडेसिमल हा दशांश अचूक ठेवणारा क्लास घेतात. तो विषय वेगळा. आणि चाइल्ड क्लासची गरजच नसती तर जावा १६ पासून कायम झालेला रेकॉर्ड वापरता आला असता: त्यात कन्स्ट्रक्टर कंपायलर स्वतः लिहितो, धिस विसरायची सोयच नसते. पण रेकॉर्डला एक्स्टेंड करता येत नाही, म्हणून इथे तो बसत नाही.

आता गाईच्या दुधासाठी एसएनएफ हवी. ती पेरेंटच्या कन्स्ट्रक्टरमध्ये चौथा पॅरामीटर म्हणून घातली की म्हैसनोंदमधली सुपरची ओळ लाल होईल. ती दुरुस्त करण्यासाठी म्हैसनोंदच्या कन्स्ट्रक्टरलाही एसएनएफ द्यावी लागेल, की मग मेनमधल्या सगळ्या न्यू म्हैसनोंद ओळी लाल होतील. त्या ओळी म्हणजे कुठे कुठे बदल करायचा याची कंपायलरने हातात ठेवलेली यादी आहे. जुना तीन पॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर ‘असू दे’ म्हणून बाजूला ठेवून, त्यात एसएनएफ ०.० भरून ती यादी पुसू नका. एकेक ओळ उघडा आणि तिथे खरी एसएनएफ लिहा.